कापलेला कोपरा

६ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून पाठ धरली आहे, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे.

फोनवर सांगायला गेले की तू मध्येच ‘थांब, लिहून घेऊ दे’ म्हणतेस. म्हणून सरळ लिहूनच पाठवते.

परवा आईने विचारलं, ‘‘सहा वर्षं झाली, तू तिथे नक्की करतेस तरी काय?’’ मी म्हटलं, ‘‘माणसाची पेशी एकाची दोन होते ना, तेव्हा आत शेकडो जनुकं राबत असतात. कोण काय करतं ते बाहेरून कळत नाही. म्हणून आम्ही एकेकाचं तोंड बंद करतो. आरएनएचे बारीक तुकडे मिळतात, ते पेशीत सोडले की तेवढंच जनुक गप्प बसतं. मग बघायचं, पेशीचं कुठे अडतं.’’ आई म्हणाली, ‘‘म्हणजे घरातला एकेक माणूस गप्प बसवायचा आणि कोणावाचून काय खोळंबतं ते बघायचं.’’ मी म्हटलं, अगदी तसंच. तर म्हणाली, ‘‘मग तुझ्या बाबांपासून सुरुवात कर.’’ बाबा पेपरमागून म्हणाले, ‘‘मी तीस वर्षं गप्पच आहे. काही खोळंबलेलं दिसत नाही.’’

आईचं, म्हणजे तुझ्या मावशीचं, हसू थांबेना. मला मात्र धड हसता आलं नाही, कारण माझंही नेमकं तिथेच अडलंय. तुमच्या सरांनी पाच वर्षांपूर्वी सतरा नंबरचा निबंध छापला. सतरा नंबरचं जनुक गप्प केलं, की पेशीत केंद्रकं दोन होतात पण पेशी मधोमध तुटतच नाही. एकाच घरात दोन चुली. माझा सगळा प्रबंध याच पायावर उभा आहे: सतरा नंबर हे काम करतो कसा? आणि ताई, माझ्याकडे तो काही करतच नाही. चौदा महिने झाले. तो गप्प बसतो, हे मी मोजलंय. आणि पेशी खुशाल एकाच्या दोन होतात, जशी काही सतरा नंबरशी त्यांची ओळखच नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, ‘‘एवढ्या मोठ्या लॅबचं चुकेल का? तुझे हात वाईट आहेत.’’ एप्रिलच्या शेवटी समिती बसेल. तोवर दुकेंद्री पेशी दाखवल्या नाहीत, तर माझी नोंदणी रद्द होऊ शकते. तसं घाबरण्यासारखं नाही. पण सरांच्या लॅबमध्ये ते काम तूच केलं होतंस. काय नि कसं केलंस, सगळं बारीकसारीक लिहून कळव. तुझ्या रोजनिशीत असेलच. तुझ्या रोजनिशीत मी कधी शिंकले तेही असतं.

तुझी,
भिंगरी

१४ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याखाली बरीचशी बोलणी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला. तिसऱ्यांदा वाचलं ते माझा राग अन्यायाचा तर नाही ना, हे बघायला. नाही. न्यायाचाच आहे.

सतरा नंबर खोटा, असं तू लिहिलेलं नाहीस, पण ओळीओळीत तेच आहे. बाई गं, त्या पेशी मी मोजल्यात. एक हजार चारशे बारा. डोळ्याने, एकेक, हातात टिकटिक करणारं मोजयंत्र घेऊन. त्या महिन्यात मला शर्टाची दोन बटणं दिसली तरी दुकेंद्री पेशी वाटायची. शंभरातल्या साठ तशा निघाल्या. तीन वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा केलं, तीनदा तेच आलं. आणि आता माझ्याच मावशीची मुलगी मला विचारते, ‘काय नि कसं केलंस’?

तुझ्यावर माझा जीव आहे, पण पाण्याने भरलेला ग्लास टेबलाच्या अगदी कडेला ठेवण्याची तुझी सवय मला माहीत आहे. तेव्हा आधी स्वतःकडे बघ. पेशी फार दाट वाढवतेस का? तुकडे सोडल्यावर पुरते अठ्ठेचाळीस तास थांबतेस, की धीर सुटून चाळिसाव्या तासालाच बघतेस?

माझी पद्धत अशी. शहाण्णव खळग्यांची एक मूळ प्लेट. तिला आम्ही ‘आई’ म्हणतो. शहाण्णव नळ्यांतून एकेक तुकडा यंत्राने आईच्या एकेका खळग्यात भरायचा. मग आईवरून हव्या तेवढ्या ‘लेकी’ काढायच्या आणि पेशी त्या लेकींत वाढवायच्या. चार कोपऱ्यांत तुकड्याऐवजी काहीच गप्प न करणारं साधं पाणी, म्हणजे तुलना करता येते. ती आई मी स्वतः भरली होती, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता.

‘हात वाईट’ या शब्दाचं वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे एक बाई होती, सगळं इतकं काटेकोर करायची की तिचं नावच मोजपट्टी पडलं होतं. तिलाही सतरा नंबर साधला नाही. सर भर बैठकीत म्हणाले, ‘‘हिचे हात मोजायला चांगले, करायला वाईट.’’ आम्ही सगळे हसलो. नंतर ती काम सोडून गेली. एवढी काटेकोर असून तिचं असं झालं, तर तुझं काय घेऊन बसलीस!

मावशीला सांग, काकांना बंद करून बघायचं तर आधी तीनदा करून बघ म्हणावं.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

अठ्ठेचाळीस तास थांबते. पेशी दाट वाढवत नाही. आणि माझ्या टेबलावर ग्लास नाही, कारण – ते जाऊ दे.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग चिडले. चिडल्यावर डोकं चालतं माझं, तुझ्या उलट. तुझ्या त्या ‘तीनदा’चा विचार केला. ताई, तीन लेकी एकाच आईच्या असतील, तर तीनदा केलं म्हणजे एकदाच केलं. आईला पडसं असेल तर तिन्ही लेकी शिंकणार. यात साक्ष कसली?

आता मोजपट्टीबद्दल. तू तिची गोष्ट गंमत म्हणून सांगितलीस, पण मी ती तशी वाचलेली नाही. तुमचा छापील निबंध मी काढून बघितला. सतरा नंबर खरंच गप्प झाला, याचं मोजमाप त्यात आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात तिचे आभार. म्हणजे सतरा नंबर गप्प करायला तिला जमलं होतं! मग तिच्या पेशींचं काय झालं? त्यांच्या विभाजनाच्या फिल्म्स कुठे आहेत? आणि तिने तुकडे तुमच्या आईतून घेतले होते, की नव्या नळ्या मागवल्या होत्या? मी पैज लावते, नव्या नळ्या. माझ्यासारख्याच.

आणि एक. निबंधाच्या शेवटी शहाण्णवांचा तक्ता आहे, तो कोणी वाचत नाही. मी वाचला. सध्या मला वेळ आहे. ऐंशी नंबरला नाडीवाला आहे. पिशवीची नाडी ओढावी तशी पेशी मधोमध आवळणारं जनुक, जगातल्या प्रत्येक पुस्तकात असलेलं. ते गप्प केलं की दुकेंद्री पेशी व्हायलाच हव्यात. तुमच्या तक्त्यात ऐंशीसमोर काय आहे माहितीये? ‘परिणाम नाही.’

नाडी कापली आणि पिशवीचं तोंड बंदच राहिलं! तुझ्यासारख्या बाईला हे खटकलं नाही? पिठात खडा असला तर तू अख्खं पीठ पुन्हा चाळतेस.

माझे हात वाईट असतील. तुमचे डोळे कुठे होते?

भिंगरी

११ मार्च

भिंगरी,

पाच आठवडे मी लिहिलं नाही. तू फुगली असशील असं आधी वाटलं, मग फुगलीस तर बरं, असंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते, कारण दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्याला उत्तर लिहायला बसले होते. खरमरीत. म्हटलं, तक्ता समोर ठेवून हिला एकेक मुद्द्याने गप्प करते. ऐंशी नंबर प्लेटवर शोधायला बोट पहिल्या खळग्यावर ठेवायचं, ते रागाच्या भरात शेवटच्यावर ठेवलं आणि मागून मोजत आले. मागून ऐंशी नंबर कितवा येतो, तू मोजून बघ.

सतरावा.

मी बोट उचललं नाही. पुन्हा मोजलं. मग रोजनिशी काढली. पाच वर्षांपूर्वीचं ते पान माझ्याच अक्षरात आहे: ‘आज आई भरली. यंत्र नवं आहे, भिंतीला पाठ लावून ठेवलंय, त्यामुळे प्लेट नेहमीच्या उलट, समोरच्या बाजूने आत सरकवावी लागते. सवय होईल.’

तुला प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो ते माहीतच आहे. कुठून सुरुवात ते त्यावरून ओळखायचं. जुन्या यंत्रात तो कोपरा माझ्या डाव्या हाताला यायचा. चौदा वर्षं डाव्या हाताला. नव्या यंत्राच्या समोरच्या बाजूला उभी राहिले तेव्हा तो उजव्या हाताला यायला हवा होता. नळ्यांचा स्टँड मी आकडे वाचून बसवला, म्हणून तो बरोबर. प्लेट हाताच्या सवयीने बसवली. डाव्या हाताला. म्हणजे उलटी. पहिल्याचा शेवटचा झाला, शेवटच्याचा पहिला, आणि सतराव्या खळग्यात ऐंशीचा तुकडा पडला. चार कोपऱ्यांत सारखंच पाणी, त्यामुळे प्लेट उलटी काय नि सुलटी काय, सारखीच दिसणार. आणि तुझं ते पडशाचं खरं आहे. लेकींनी आईचं निमूटपणे घेतलं.

त्याच रोजनिशीत चार आठवड्यांनंतर: ‘ऐंशीत काही दिसत नाही. सर म्हणाले, तुकडा शिळा असेल. मलाही तसंच वाटतं.’ मलाही तसंच वाटतं! मला काय वाटत होतं देव जाणे. माझा निकाल इतका सुंदर आला होता, की मला पीठ चाळायचं नव्हतं.

मग मी ती आई शीतकपाटातून काढली. सतराव्या खळग्यातला थेंब घेऊन तो कोणाचं तोंड बंद करतो ते मोजलं. सतरा नंबर मजेत बोलत होता. नाडीवाला गप्प. पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. या वेळी प्रत्येकदा नव्या पेशी, नवं सगळं. रोजनिशीत मोजपट्टीचंही सापडलं, नव्या नळ्या आणि सरांनी बघितलेल्या फिल्म्स; ते घेऊन सरांकडे गेले.

ते म्हणाले, ‘‘बसा. तुम्ही खात्री केलीत?’’

‘‘तीनदा केली.’’

‘‘तेव्हाही तीनदाच केलं होतंत ना?’’

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण मी उठले नाही. म्हटलं, ‘‘मोजपट्टीने नव्या नळ्या मागवल्या होत्या. तिच्या फिल्म्समध्ये पेशी नीट दोन झाल्या होत्या. तुम्ही बघितल्या होत्यात.’’

‘‘तिचे हात...’’

‘‘सर, तिचं मोजमाप तुम्ही छापलंत. सकाळी मोजताना तिचे हात चांगले होते आणि त्याच दुपारी फिल्म काढताना वाईट झाले?’’

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी मायेने म्हणाले, ‘‘बाई, पाच वर्षं झाली. लोक पुढे गेले. ज्यांना जमलं नाही, त्यांनी विषय बदलले. आता उकरून काढलंत तर पहिला प्रश्न येणार, प्लेट कोणी फिरवली? तुमच्या नोकरीची मुदत दरवर्षी जूनमध्ये वाढते, ती मी सही करतो म्हणून. तुमच्या भल्याचं सांगतोय. ती प्लेट फार जुनी आहे, टाकून द्या.’’

मी प्लेट टाकलेली नाही. पण ‘बरं सर’ असं म्हणाले. का म्हणाले? एकोणीस वर्षांची सवय, डाव्या हाताची. त्यांचा मला भयंकर संताप आलाय, पण त्यांनी जे केलं ते माझ्या चुकीच्या आधारावर केलं, आणि हेही मला विसरता येत नाही. प्रयोग फसला की हात वाईट, आणि साधला की सर हुशार. हा हिशेब मी एकोणीस वर्षं ऐकून घेतला, कारण त्यात माझे हात नेहमी चांगले असायचे.

काय करायचं ते मला नीट ठरवू दे. थोडे दिवस दे.

ताई

१९ मार्च

ताई,

थोडे दिवस? कुठून आणू?

तुझ्यापासून मी एक लपवलं. माझ्या टेबलावर ग्लास नाही, कारण मला टेबलच नाही. डिसेंबरात मॅडमनी काढून घेतलं. ‘‘महाग सामान वाया जातंय,’’ म्हणाल्या. तेव्हापासून मी काचसामान धुते आणि दुसऱ्यांच्या पिपेटींची प्लास्टिकची टोकं डब्यांत लावून देते. शहाण्णव-शहाण्णवच्या डब्यांत, हो. तक्ता वाचायला वेळ कुठून मिळाला, ते आता कळलं असेल. आई-बाबांना यातलं काही माहीत नाही. आई अजून शेजाऱ्यांना सांगते, आमची पोरगी पेशींची तोंडं बंद करते. माझंच बंद झालंय, हे तिला कोण सांगणार?

म्हणून तुझं पत्र वाचताना मला एकाच वेळी नाचावंसं आणि काहीतरी फोडावंसं वाटलं. माझे हात चांगले आहेत! चौदा महिने मी खरं तेच बघत होते! आणि ते माझ्या धाकट्या नाही, थोरल्या बहिणीला ठाऊक आहे, आणि ती म्हणते, मला नीट ठरवू दे.

काय ठरवायचंय? तू चुकलीस, हे? ते ठरलंय. सर लपवतायत, हे? तेही ठरलंय. उरलं काय? तुझी मुदत. ती जाईल, मला कळतं. गेली तर वाईट होईल, तेही कळतं. पण मग तसं लिही ना! ‘नीट ठरवू दे’ म्हणत विवेकाचा आव कशाला आणतेस?

समिती अठ्ठावीस एप्रिलला आहे. तुझ्या विवेकाला अंदाजे किती दिवस लागतात ते कळव, म्हणजे मी त्यांना तशी तारीख देते.

भिंगरी

२७ मार्च

भिंगरी,

आठ दिवस लागले.

तुझं पत्र आलं आणि मी दुसऱ्याच दिवशी मोजपट्टीकडे गेले. ती हल्ली शहराच्या पाणी कार्यालयात नमुने तपासते. लांबट खोली, भिंतीलगत बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर तारीख. मला बघून आश्चर्य वाटल्याचं तिने दाखवलं नाही. म्हणाली, ‘‘चपला बाहेर काढ.’’

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘त्या बैठकीत तू हसली होतीस?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

‘‘जोरात?’’

‘‘इतरांइतकंच.’’

‘‘मला वाटत होतं, तू नव्हतीस हसली. पाच वर्षं मी तुला त्यातून वगळलं होतं.’’ हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट करून तिने ती रांगेत ठेवली. ‘‘न सांगतीस तरी चाललं असतं की.’’

‘‘तू विचारलंस.’’

‘‘हो. तुला विचारलं की सांगतेस. न विचारता सांगितलं असतंस तर मी आज इथे नसते.’’

  मग तिनेच कपाटातून एक वही काढली. तीन नोव्हेंबर. नव्या नळ्यांचे क्रमांक, पेशींची संख्या, फिल्म्सची यादी, सगळं सुवाच्य. शेवटची ओळ: ‘सतरा गप्प, विभाजन सुरळीत. सरांना दाखवलं. सर म्हणाले, पुन्हा करा. पुन्हा केलं. तेच.’

वही मला देताना म्हणाली, ‘‘माफ केलं वगैरे म्हणायला मला सांगू नकोस. तहान लागली असेल तर पाणी पी. मी तपासलेलं आहे.’’

मी प्यायले.

सोबत माझं निवेदन जोडलं आहे. दोन पानं. प्लेट कोणी, केव्हा, कशी उलटी बसवली. कापलेल्या कोपऱ्याचा फोटो, रोजनिशीच्या पानांच्या प्रती, आताची मोजमापं, मोजपट्टीच्या वहीची तीन पानं. खाली माझं नाव आणि सही. एक प्रत तुझ्या मॅडमना, एक समितीला, एक नियतकालिकाच्या संपादकांना. सरांची प्रत मी काल हातात नेऊन दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, ‘‘मी तुम्हाला शहाण्या समजत होतो.’’ मी म्हटलं, ‘‘मीही.’’

तू मुदतीबद्दल लिहिलंस ते खरं होतं. मी घाबरले होते, आणि घाबरले असं लिहायला लाजले, म्हणून ‘ठरवू दे’ लिहिलं. तुझ्यावर चिडायला जागाच ठेवली नाहीस, याचा मात्र मला राग आहे.

आणि टेबलाचं लपवलंस, त्याबद्दल तुला भेटल्यावर बघते.

ताई

३० एप्रिल

ताई,

झाली समिती.

पाच जण, लांब टेबल, मधोमध तुझी दोन पानं. मॅडमनी सुरुवातच केली, ‘‘मला पहिल्यापासून शंका होतीच.’’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘कशाची, मॅडम? सतराची की हातांची?’’ त्या पाण्याचा घोट घेत बसल्या. ग्लास टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, मी बघितलं.

बाहेरून आलेले एक म्हातारे परीक्षक होते. त्यांनी तुझं निवेदन शेवटपर्यंत वाचलं, जोडलेली पानंसुद्धा. मग चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, ‘‘या बाईंची नोकरी आहे का अजून?’’ मॅडमनी समोरचे कागद सारखे केले. ते म्हणाले, ‘‘नसणारच,’’ आणि पान उलटलं.

मला एक वर्ष वाढवून मिळालं. टेबल परत मिळालं. विषय बदलावा लागेल, पण चौदा महिन्यांचं काम धरणार आहेत, कारण ते बरोबर होतं. हो ताई, बरोबर होतं. मी हे वाक्य चार वेळा खोडून पुन्हा लिहिलंय, नुसतं लिहायला छान वाटतं म्हणून.

पण आनंद व्हायच्या ऐवजी माझं रक्त उकळतंय. इतिवृत्तात काय लिहिलं, ऐक: ‘विद्यार्थिनीच्या अडचणी दूर झाल्या.’ अडचणी! मला काय खोकला झाला होता? एकाच्याही तोंडून ‘आमचं चुकलं’ निघालं नाही. माझे हात वाईट म्हणताना मात्र सगळ्यांना वाचा फुटली होती.

आई-बाबांना सगळं सांगितलं. आई तासभर बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बघितलंस, माझं तोंड बंद झालं की घराचं काय होतं ते?’’ खरंच, चहासुद्धा झाला नव्हता.

विवेकाची तारीख मागितली ते मी मागे घेत नाही. पण तुझं ते निवेदन मी टेबलाच्या वर भिंतीला चिकटवलंय. आता तू सांग. जूनचं काय?

भिंगरी

१७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

जूनचं जे व्हायचं तेच झालं. सही झाली नाही. सध्या मी दोन शाळांत जाऊन प्रयोगशाळेची मांडामांड करून देते आणि मोजपट्टीच्या कार्यालयात एका जागेसाठी अर्ज दिला आहे. ती म्हणाली, ‘‘शिफारस करणार नाही. परीक्षा दे.’’ देणार आहे. काळजी करू नकोस आणि मावशीला करू देऊ नकोस.

नियतकालिकात दुरुस्ती छापून आली. आधी सरांनी मजकूर मला पाठवला होता: ‘मूळ प्लेट तयार करताना एका तांत्रिक साहाय्यकाकडून झालेली चूक आमच्या लक्षात आली.’ आमच्या लक्षात आली! मी रागाने उठून घरभर फिरले. मग बसले आणि स्वतःला विचारलं, यातलं खोटं नेमकं काय आहे? चूक तांत्रिक साहाय्यकाकडूनच झाली. तेवढं मान्य केल्याशिवाय पुढचं मागायचा मला हक्क नव्हता. म्हणून लिहून पाठवलं: ‘एका’ काढा, माझं नाव घाला. आणि पुढे एक वाक्य जोडा, की हा निकाल पुन्हा मिळत नाही हे तीन नोव्हेंबरला मोजपट्टीने (तिथे अर्थात तिचं खरं नाव दिलं) फिल्म्ससह दाखवलं होतं आणि ते वगळण्यात आलं.

संपादकांनाही तेच लिहिलं. दोनदा. त्यांचं उत्तर आलं, दुरुस्तीला जागा मर्यादित असते.

छापलेल्या दुरुस्तीत माझं नाव आहे. दुसरं वाक्य नाही. माझं नाव घालायला जागा झाली, तिचं घालायला झाली नाही.

परवा ओळखपत्र परत द्यायला इमारतीत गेले होते. खालच्या मजल्यावर ग्रंथालय आहे, तुला दाखवलं होतं. त्या महिन्याचा अंक मागून घेतला, खिडकीजवळ बसले आणि दुरुस्तीचं पान उघडलं. तुला माहीत आहे, आयुष्यात मी ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीचा ठिपकासुद्धा दिलेला नाही. दुसऱ्यांनी मारलेल्या रेघा खोडून काढणारी बाई मी. दहा मिनिटं बसून विचार केला, हे बरोबर आहे का? बरोबर नाही, असंच उत्तर आलं. मग पिशवीतून नळ्यांवर लिहायचा पेन काढला. उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटातही न पुसणारा. आणि राहिलेलं वाक्य दुरुस्तीच्या खाली लिहिलं. तारीख, तिचं पूर्ण नाव, फिल्म्सचे क्रमांक. खाली माझी सही.

शाई वाळेपर्यंत थांबले, अंक काउंटरवर दिला आणि तिथल्या बाईंना सांगितलं, ‘‘मी यात लिहिलं आहे. नियमाप्रमाणे काय करायचं ते करा.’’ त्यांनी पान उघडून वाचलं. दोनदा वाचलं. मग अंक त्याच्या जागी फडताळात लावून टाकला.

अक्षर सुरेख आलं आहे. माझे हात चांगलेच आहेत.

ताई